चार तोंडांचे आटे

दि. ४ मार्च

ती. मावशीस,

भिंगरीचा साष्टांग नमस्कार. नमस्कारामागून येणारी विनंती या वेळी खरीखुरी आहे आणि भलतीच मोठी आहे. तेव्हा आधी लेथ बंद कर, हात पूस आणि बसून घे.

आई म्हणते की माझी जीभ माझ्या पुढे दोन पावलं चालते. या वेळी ती पळत सुटली. नाटक कंपनीत लागून मला जेमतेम महिना झाला. मंचामागचं पडेल ते काम माझ्याकडे आहे. पडदा ओढायचा, तलवारी मोजायच्या, राणीच्या हरवलेल्या चपला शोधायच्या. आणि काल मी सगळ्या कंपनीसमोर तुझ्या वतीने एक वचन देऊन बसले.

झालं असं. आमचं नवं नाटक विनोदी आहे. एका बढाईखोर राजाला भर दरबारात जमीन गिळते आणि शंभर वर्षांनी तो परत वर येतो, सगळ्यांचं कसं चुकतंय ते सांगायला. राजाचं काम करणारे गृहस्थ साठीच्या पुढचे आहेत. आवाज असा की मागच्या रांगेतल्या खुर्च्यांचे खिळे हलावेत. त्यांना मंचावर काय आणि मंचाबाहेर काय, सगळे महाराजच म्हणतात. पण गेल्या वर्षी महाराजांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि डॉक्टरांनी शिडी चढणं बंद केलं. म्हणून त्यांना जमिनीतून वर आणायला मंचाखालचा जुना पाळणा बाहेर काढला. पाळणा म्हणजे चार खांबांमधून सरकणारी एक फळी. फळीच्या पोटाला एक उभा लोखंडी स्क्रू आहे, तो खालच्या खड्ड्यावर बसवलेल्या नटातून वरखाली होतो, आणि नट फिरवायला कडेला हँडल.

काल पहिल्यांदा चालवून बघितला. आमचा सुतार आणि दिवेवाला जीव तोडून हँडल फिरवत होते, आणि वर आलं काय, तर मुकुटाचं टोक. मग बऱ्याच वेळाने मुकुट. मग कपाळ. दरबाऱ्यांनी महाराजांच्या नावाचा जयघोष सुरू केला होता तो भुवया दिसेपर्यंत संपला. परत केला, तर नाक येईपर्यंत घसे बसले. राणीने सिंहासनाला टेकून डोळे मिटून घेतले. हनुवटी मंचाला लागली तेव्हा महाराजांना जी शिंक आली, तिने फळ्यांवरची सगळी धूळ दरबारावर उडवली. आमची हसून मुरकुंडी वळली.

बाई मात्र हसल्या नाहीत. बाई म्हणजे आमच्या दिग्दर्शिका. त्या म्हणाल्या की राजा एका दमात वर यायला हवा. पाळणा सुधारला नाही तर राजाचं काम धाकट्या नटाला द्यावं लागेल, तो शिडीवरून उडी मारून येऊ शकतो. महाराज अर्धे वर, अर्धे खाली असे उभे होते, तशीच मान हलवली. आणि मग परत खाली जायला त्यांना तेवढाच वेळ लागला. मावशी, मन दुखावलेल्या माणसाला निदान पटकन निघून जाता यावं की नाही?

ते बघवलं नाही म्हणून मी बोलून गेले की माझी मावशी टर्नर आहे, लेथवर तिच्या हाताखाली लोखंड लोण्यासारखं वळतं, आणि ती या पाळण्याला पंख लावून देईल. आता तूच माझी लाज राख. स्क्रूचे आटे मोठे मोठे केले की भागेल ना? पडदा उघडायला महिनाही उरलेला नाही. स्क्रू लांब आहे, जाड आहे आणि काळपट आहे.

माझ्यावरचा राग लवकर ओसरो, माया तेवढी तशीच राहो.

तुझीच,
भिंगरी

दि. ८ मार्च

चि. भिंगरीस,

मावशीचे भरघोस आशीर्वाद. तुझा कान हाताशी असता तर आधी तो पिळला असता.

लांब, जाड, काळपट. हे स्क्रूचं वर्णन आहे की हरवलेल्या माणसाचं? सोबत काय काय मोजायचं ते चित्र काढून दिलंय. सुताराला बरोबर घे आणि नीट मोज.

आता तुझा प्रश्न. नुसते आटे मोठे करून चालत नाही. आटा जेवढा रुंद, तेवढी खाच खोल पाडावी लागते. तशी पाडत गेलं की स्क्रूच्या लोखंडी बारच्या गाभ्यात उरतं काय? महाराज वर उभे राहायचे आणि त्यांच्याखाली बार उसासारखा मोडायचा. म्हणून दुसरी युक्ती असते.

एक लाटणं घे. त्याला एक जाडसा दोरा वेढ्याला वेढा लावून गुंडाळ. दर वेढ्याला दोरा आपल्या जाडीएवढाच पुढे जातो. तुमचा जुना स्क्रू तो हाच. एकच खाच, एकच तोंड, गोगलगाईची चाल. आता तो दोरा सोड आणि चार रंगांचे चार दोरे घे. चौघांची टोकं लाटण्याच्या चार बाजूंना ठेव आणि चारही एकदम गुंडाळ. लाल दोऱ्यावर बोट ठेवून एक वेढा पुरा कर. मधे पिवळ्या, हिरव्या आणि निळ्याला जागा द्यावी लागते, त्यामुळे लाल एका वेढ्यात चार दोऱ्यांएवढा पुढे गेलेला दिसेल. दोरे तेवढेच बारीक आणि चाल चौपट. यालाच आम्ही चार तोंडांचे आटे म्हणतो. खाच उथळ राहते, गाभा शाबूत राहतो, आणि एका रुंद आट्यावर सगळा भार येण्यापेक्षा तो बऱ्याच बारीक आट्यांवर पसरतो.

हे काही माझं संशोधन नाही. घरातल्या बरणीच्या तोंडाकडे बघ. तिथे आटे तीन-चार ठिकाणी सुरू होतात, म्हणून झाकण कसंही टेकवलं तरी लगेच धरतं आणि पाव फेऱ्यात बसतं. तिथे बोल्टासारखा एकच बारीक आटा असता तर झाकण उघडेपर्यंत माणसाची भूक मेली असती.

पण फुकट काही मिळत नाही. फेरे कमी लागतील, मात्र हँडल जड जाईल. सुताराला भरपेट जेवायला सांग. आणि आता लिहिते ते दोनदा वाच. एका तोंडाच्या आट्याचा चढ इतका सपाट असतो की हात सोडला तरी वजन जागचं हलत नाही. चार तोंडांचा चढ म्हणजे घसरगुंडी. हँडल सोडलंत तर महाराजांचं वजनच नट उलटा फिरवेल आणि महाराज आपले आपण खाली जातील. म्हणून याला ब्रेक लागेल, आणि ब्रेक बसेपर्यंत कुणीही पाळण्याला हात लावायचा नाही.

मला महाराजांचं वजन कळव. खरं कळव, त्यांनी सांगितलेलं नको.

माप आणि माया दोन्ही वेळेवर पाठवत जा.

तुझी,
मावशी

दि. ११ मार्च

ती. मावशीस,

भिंगरीचा नमस्कार, या वेळी उड्या मारत मारत.

लाटण्याचा प्रयोग मी रंगपटात सगळ्यांसमोर केला. कपडेपटातून लोकरीचे चार रंग आणले. लाल लोकर एका वेढ्यात भुर्रकन पुढे गेली तेव्हा राणीने टाळ्या वाजवल्या. मग कंपनीतल्या प्रत्येकाला लाटणं हवं झालं. धाकट्या नटाने तर सहा लोकरी गुंडाळून बघितल्या आणि विचारलं की सहा तोंडं का नकोत. मी ऐटीत सांगितलं की मग चढ आणखी उभा होईल, हँडल फिरवायला बैल लागतील. बरोबर सांगितलं ना? बरोबर नसलं तर मला सांग, त्याला नको. आता चहा पिताना सगळे बरणीचं झाकण उघडतात आणि लावतात. साखरेत मुंग्या झाल्या.

मापं सोबत आहेत. सुताराने आणि मी दोनदा घेतली, आणि दोन्ही वेळा एकच आली, याचं आम्हा दोघांनाही आश्चर्य वाटलं.

वजनाचं मात्र जमलं नाही. मी महाराजांना विचारलं तर म्हणाले की आपण वजनदार नट आहोत, एवढं पुरे. मी पिठाच्या गिरणीतला काटा सुचवला. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच काट्यावर चढले. शेवटी म्हणाले की हा आकडा अत्यंत खाजगी आहे, तो आपण थेट टर्नरबाईंनाच कळवू. म्हणून मी तुझा पत्ता दिला. माणूस फार गोड आहे, मावशी. पत्र आलं तर हसू नकोस. हस, पण त्यांना कळू देऊ नकोस.

लोभ असावा, आणि त्यात साखरेतल्या मुंग्यांनाही वाटा असो.

तुझी,
भिंगरी

दि. १२ मार्च

मान्यवर टर्नरबाई यांस,

सप्रेम नमस्कार. वाकून करणार होतो, पण गुडघ्यांची परवानगी नाही, तेव्हा उभ्यानेच स्वीकारावा.

आकडा एकशे चार. मुकुट आणि झगा वेगळा. हा आकडा डॉक्टर, मी आणि आता आपण, एवढ्याच तिघांना ठाऊक आहे. वाचून झाल्यावर हा कागद भट्टीत टाकावा, ही नम्र प्रार्थना.

आपल्या भाचीने लोकरीचा जो खेळ दाखवला तो मी रात्रभर मनात घोळवत होतो. नटमंडळींना फिरत्या रंगमंचाचं कौतुक असतं, पण लाल लोकर अशी पुढे जाताना मी प्रथमच पाहिली. माझी एक शंका आहे. हसू नये. स्क्रूला चार तोंडं, तर नटाला कसं कळतं की आपण कुठल्या तोंडातून शिरायचं? (हा नट म्हणजे लोखंडी. माझ्या जातीच्या नटाला काहीच कळत नाही, हे मला माहीत आहे.)

आणखी एक लिहू की नको असं करत लिहितो. माझ्या मुलीने तिच्या घरी माझी खोली तयार ठेवली आहे. खिडकीशी आरामखुर्ची आहे. मुलगी गुणी आहे आणि खुर्चीही उत्तम आहे. पण त्या खुर्चीत मी एकदा बसलो की बसलो. पत्नी गेल्यापासून मला घरापेक्षा रंगपटच बरा वाटतो. हे राजाचं काम गेलं तर मला दुसरं कुणी देणार नाही, आणि कुणी दिलं तर ते बसून करायचं म्हाताऱ्याचं असेल. तेव्हा बाई, तुमच्या हातून जे वळेल त्यावर माझं उभं राहणं आहे. दडपण आणण्यासाठी लिहीत नाही. थोडंसं आणण्यासाठी लिहितो.

आपला कृपाभिलाषी, सध्या मंचाखाली,
महाराज

दि. १६ मार्च

श्री. महाराज यांस,

नमस्कार. उभ्याने केलेला पोचला.

भट्टी माझ्याकडे नाही, लेथ आहे. त्यामुळे आपलं पत्र आहे तिथेच आहे. आकडा कुणाला सांगणार नाही. मी बार दुप्पट भाराला पुरेल असा घेतला आहे, तेव्हा निःशंक जेवावं.

आपली शंका चांगली आहे. मी तीस वर्षांत कितीतरी शिकाऊ हाताखाली घेतले, पण ही कुणी विचारली नाही. नटाला काही कळावं लागत नाही. त्याच्या आतही चारच आटे असतात आणि ते एकमेकांपासून बरोबर पाव फेऱ्यावर असतात. चारही तोंडं सारखी. त्यामुळे तो कुठूनही शिरला तरी बाकीचे तीन आपोआप आपापल्या जागी बसतात. अट एवढीच की चारांमधलं अंतर तंतोतंत सारखं हवं. एक जरी इकडेतिकडे झालं तर चारही अडतात.

पाळण्यावर पाय फाकवून, मधोमध उभं राहावं. राजाला शोभेल असं. उडी मारू नये.

खुर्चीबद्दल वाचलं. मलाही लोक कधीपासून आराम कर म्हणून सांगतात. मी ऐकत नाही. आपणही ऐकू नये.

आपली,
टर्नरबाई

ता. क. फिरता रंगमंच कशावर फिरतो ते मला माहीत नाही. सवडीने कळवावं.

दि. २२ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. बातमी वाईट आहे, पण घाबरू नकोस. बार वाया गेला.

चार तोंडांचे आटे असे पाडतात. लेथचे गियर असे लावायचे की बार एकदा फिरला की हत्यार चार आट्यांएवढं पुढे सरकेल. एक खाच पुरी पाडायची. मग गियरच्या दातांवर खडूच्या खुणा केलेल्या असतात, त्या बघून बार पाव फेरा फिरवायचा आणि दुसरी खाच. मग तिसरी, मग चौथी. पहिल्या दोन लोण्यासारख्या उतरल्या. तिसरीच्या वेळी दात मोजताना पोस्टमन आला, मी पत्र वाचलं, परत मोजायला लागले आणि एक दात चुकला. तिसरी खाच दुसरीला चिकटली. एक आटा चपातीसारखा पातळ आणि शेजारचा भाकरीसारखा जाड. नट शिरेचना. उभ्या आयुष्यात माझा असा दात चुकला नव्हता.

पत्र कुणाचं होतं ते विचारू नकोस. फिरता रंगमंच कशावर फिरतो याची त्यात सात पानं माहिती होती. अक्षर बरं आहे त्या गृहस्थांचं.

नवा बार चढवलाय. आता काम होईपर्यंत टपाल उघडत नाही. नट गनमेटलचा केलाय, म्हणजे लोखंडावर लोखंड घासून झिजणार नाही. दुकान आठवडाभर बंद ठेवून मी स्वतः टेम्पोबरोबर येते. एकटा बार पाठवला तर तुम्ही त्याला लोकर गुंडाळाल.

एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे येताना जरा बरी साडी लागते का, की कामाची चालेल?

खुशाल असावंस आणि तोंड मिटून असावंस.

तुझी,
मावशी

दि. २ एप्रिल

ती. आईस,

भिंगरीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझी धाकटी बहीण बऱ्या साडीत आली. आता पुढचं ऐक आणि दम धर, कारण मला लिहितानाही दम लागतोय.

मावशीने सुताराला हाताशी घेऊन नवा स्क्रू आणि नट बसवला. सगळ्या कंपनीला खड्ड्याशी उभं करून तिने तो हाताने नटात सोडला. असा गुळगुळीत उतरत गेला की राणीच्या तोंडून आपोआप वाहवा निघाली. ब्रेकचा चामडी पट्टा तेवढा राहिला होता. चामडं चिकटवून वाळत ठेवलं होतं, म्हणून मावशीने सांगितलं की उद्यापर्यंत पाळण्याला कुणी शिवायचं नाही. खड्ड्यात तिने जुने टायर आणि भुशाची पोती टाकून ठेवली होती. मग ती हात धुवायला गेली.

बाईंना धीर धरवला नाही. एकदाच बघू, म्हणाल्या. महाराज तर मघापासून मुकुट घालूनच बसले होते. सुतार आणि दिवेवाल्याने हँडल मारलं आणि, आई, महाराज असे वर आले, जसा पाण्यात दाबून धरलेला चेंडू सोडावा! झगा फुललेला, हात पसरलेले. दरबाराचा जयघोष अर्ध्यातच राहिला, कारण राजा आधीच हजर. बाईंनी स्वतः टाळी वाजवली. खाली त्या दोघांनीही टाळी वाजवली. म्हणजे दोघांनी हँडल सोडलं.

महाराजांनी भाषण सुरू केलं होतं. आपण अढळ आहोत, आपल्याला जागचं हलवेल असं कुणी जन्माला आलेलं नाही, असं ते भाषण आहे. आणि ते बोलता बोलता महाराज खाली जायला लागले. सावकाश, अगदी दिमाखात. त्यांना पत्ताच नाही. अढळ म्हणाले तेव्हा गुडघे गेले होते, जन्माला म्हणाले तेव्हा कंबर. खाली हँडल आपलं आपण गरगर फिरतंय आणि सुतार त्याच्याभोवती नाचतोय. शेवटी पसरलेले दोन हात तेवढे मंचावर राहिले, मग तेही गेले, आणि टायरांवरून एक मऊ आवाज आला. आई, मी हसून हसून पडद्याच्या दोरीला लोंबकळले, त्यामुळे पडदाही पडला.

मावशी धावत आली. तिने बाईंना, सुताराला, दिवेवाल्याला आणि मला एका दमात असं काही सुनावलं की ते लिहायला हे पत्र पुरणार नाही. महाराजांना काही लागलं नव्हतं. पण ते मुकुट काढून उठले आणि कुणाकडे न बघता सामानाच्या खोलीत जाऊन बसले. आमचं हसू तिथेच विरलं. धाकटा नट म्हणाला की आपल्याला हे काम नको, मिळालं तरी करणार नाही. मावशी खोलीत गेली.

मी दाराशी उभी होते. ऐकत होते असं म्हण हवं तर. पण मावशीचा आवाज बाहेर येत नाही आणि महाराजांचा रस्त्यापर्यंत जातो, त्यामुळे मला फक्त त्यांचीच बाजू कळली. आधी म्हणाले की लोक आपल्यावर हसले, म्हाताऱ्यावर. मग म्हणाले की नाही, आपण तेव्हा काय बोलत होतो ते आठवत नाही. मग आठवून म्हणाले की अढळ. आणि मग ते इतक्या जोरात हसले की भिंतीवरची ढाल खाली पडली.

बाहेर आले ते बाईंना सांगतच, की राजा खाली जाणारच. बढाई मारली की थोडा खाली, खरं बोलला की तिथेच थांबेल, परत वर. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग तिथेच जमिनीवर बसून संहितेत खुणा करायला लागल्या. मावशी आधी तयार नव्हती. म्हणाली की आपल्या हातची वस्तू अशी पडत नाही, नाव खराब होतं. पण मग तिने पट्ट्याचा ब्रेक असा केला की लांब दांडा दाबला की पाळणा घट्ट, आणि केसभर सैल केला की महाराज केसभर खाली. दांड्याशी अर्थात तीच. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला ती तयार नाही.

काल पहिला प्रयोग झाला. लोक हसून हसून खुर्च्यांवरून खाली पडायचेच राहिले होते. महाराजांना किती वेळा परत बोलावलं ते मी मोजलं नाही, मी रडत होते. मावशीला वर ये म्हटलं तर आली नाही, हाताला तेल आहे म्हणाली.

तिने दुकान आणखी महिनाभर बंद ठेवायचं ठरवलंय. कारण विचारू नकोस, पट्टा अजून बसायचाय म्हणून सांगेल.

तुझी माया आणि बाबांचा ओरडा, दोन्ही मिळत राहो.

तुझी,
भिंगरी

दि. २१ एप्रिल

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. भिंगरीचं पत्र माझ्याआधी पोचलं असेल तर ते बाजूला ठेव आणि हे आधी वाच. पोरीच्या पोटात काही राहत नाही.

पट्टा अजून बसायचाय हे खरं आहे. चामडं गरम झालं की धरतं आणि गार असलं की निसटतं, हाताला कळावं लागतं. म्हणून रोज संध्याकाळी मी मंचाखाली असते. वरचं काही दिसत नाही. फळीच्या फटीतून महाराजांच्या जोड्यांचे तळवे दिसतात आणि बोलणं ऐकू येतं. नाटक पाठ झालंय माझं. कुठल्या बढाईला किती सोडायचं ते आता बोटांनाच कळतं.

परवा शनिवारच्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. राजाला कुणाची गरज नसते, हे वाक्य नाटकात आहे. त्यावर मी नेहमीप्रमाणे थोडं सोडलं. पुढे खरं म्हणजे राणीचं वाक्य. पण महाराजांनी तिला बोलूच दिलं नाही. म्हणाले की आपल्याला एकट्यालाच बरं वाटतं. हे नाटकात नाही. मी क्षणभर थांबले. पण ताई, मला माहीत आहे ना, ती धडधडीत बढाई होती. सोडलं. मग म्हणाले की आपल्या हातचा चहा आपल्याला सर्वांत आवडतो. त्यांच्या हातचा चहा मी प्यायलेय. चांगलं छातीपर्यंत सोडलं. लोकांना वाटलं हे नाटकच चाललंय, ते हसून लोळत होते. विंगेत भिंगरी म्हणे संहितेची पानं उलटीपालटी करत होती. मग म्हणाले की संध्याकाळी आपण येतो ते केवळ कलेसाठी, खाली दांड्यापाशी कोण उभं आहे याच्याशी आपला संबंध नाही. दाढीपर्यंत सोडलं. आणखी सोडवेना, दांडा घट्ट दाबला.

नुसतं डोकं मंचावर, बाकीचे महाराज माझ्यासमोर. एवढा जाडजूड माणूस, पण झग्याची किनार थरथरत होती. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं की टर्नरबाई त्यांच्याशी लग्न करतील का. त्यांचा हळू आवाज तिकीट खिडकीपर्यंत जातो.

ताई, तू मला किती वर्षं विचारत आलीस आणि मी लेथ बरा म्हणत आले. लेथ खरंच बरा आहे. पण तो कधी विचारत नाही की आज जेवलीस का, आणि दात मोजताना मला चुकवत नाही. सुतार आणि दिवेवाला हँडल धरून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ब्रेक सोडून दिला असता तर महाराज सरळ टायरांवर. मी त्या दोघांना सांगितलं की फिरवा.

त्यांनी असं फिरवलं की महाराज वर गेले ते मुकुट एकीकडे आणि झगा एकीकडे. लोक म्हणे उभे राहिले होते. आणि ते वर उभे राहून प्रेक्षकांनाच विचारू लागले की याचा अर्थ हो असा घ्यायचा का. मी खालून हो म्हणाले. माझा आवाज कुठे जातो? परत म्हणाले. शेवटी भिंगरीने विंगेतून किंचाळून सांगितलं की हो म्हणतेय, हो म्हणतेय.

त्यांच्या मुलीला कळवलं. ती हसली, मग रडली, आणि आरामखुर्ची कुणाला हवी का म्हणून विचारत होती. लग्न येत्या सोमवारी आहे, कारण सोमवारी खेळ नसतो. दुकान इकडेच हलवावं असं घाटतंय. मंचामागे एक मोकळी खोली आहे, लेथ मावेल. तू आणि भावोजी रविवारीच या. माझ्याकडे बरी साडी एकच आहे आणि तिला ग्रीस लागलंय, तेव्हा येताना तुझी एक घेऊन ये.

बाईंना ते वाक्य आता रोजच्या प्रयोगात ठेवायचंय. लोक फार खूश झाले, म्हणतात. मी स्पष्ट सांगितलं की विचारू देत बापडे रोज, माझं उत्तर एकदाच मिळेल.

मोठ्या बहिणीचा हात डोक्यावर राहो, आणि जमल्यास या वेळी चिडवू नये.

तुझी,
धाकटी